पत्र्याचं कंपन उलट्या कंपनाने मारायला गेलो आणि पत्राच हंबरायला लागला

खडखडाट (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, ठरावीक वेगाला गाडीचा टप किंवा फ्लोअर घुमायला लागतो आणि कानाला दडे बसल्यासारखं होतं, हा अनुभव बहुतेकांना असेल. ते घुमणं जड डांबरी पॅड न चिकटवता, विजेवर मारता येतं का हे बघायचं खूळ डोक्यात शिरलंय. अख्खी गाडी काही माझ्या टेबलावर मावत नाही, म्हणून तिचा एक तुकडा केला.

०.८ मिमी जाडीचा पोलादी पत्रा, ६०० × ४०० मिमी, चारही बाजूंनी भक्कम चौकटीत बोल्टांनी आवळलेला. हलवायला खाली छोटा शेकर. पत्र्याच्या मधोमध खालच्या अंगाला पिझो पट्टी (वीज दिली की ताणते-आखडते, ताणली की वीज देते) चिकटवली आणि बरोबर तिच्या डोक्यावर, वरच्या अंगाला अ‍ॅक्सिलरोमीटर. त्याचा सिग्नल साउंड कार्डातून लॅपटॉपमध्ये घेतो, त्वरणाचा वेग करतो, चिन्ह उलटं करतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून पट्टीला परत देतो. म्हणजे व्हेलॉसिटी फीडबॅक. पत्रा ज्या वेगाने वर येईल त्या प्रमाणात त्याला खाली ओढायचं, इतकं साधं.

सेन्सर कोपऱ्याकडे ठेवून हातोडीने ठोकलं तेव्हा ३१, ५० आणि ८० हर्ट्झच्या आसपास शिखरं दिसली. मग सेन्सर मध्ये आणून लूप चालू केला. ३१ वर जेमतेम ४ डेसिबल उतार. म्हटलं गेन (उलट्या सिग्नलचा जोर) वाढवू. वाढवला, तर पत्रा ८० वर हंबरायला लागला. शेकर बंद केला तरी हंबरतोय! अ‍ॅम्प्लिफायरची वायर उपटली तेव्हा गप्प झाला.

आणि दुसरं कोडं: मधल्या सेन्सरवर ५० चं शिखर दिसतच नाही. कुठे गेलं?

जुना_फिटर | रात्री ९.५२

पत्र्याला दोन बीड (दाबून उठवलेल्या पन्हळी) मारा. धागा संपला.

खडखडाट | रात्री ९.५५

काका, तुमचा हा प्रतिसाद येणार हे धागा काढायच्या आधीच माहीत होतं. :)

घारी | रात्री १०.२०

इंजिनीअर नाही, पण वाचतेय. एक बाळबोध शंका. कंपन म्हणजे ऊर्जा. त्यावर उलटं कंपन घातलं म्हणजे आणखी ऊर्जा घातली. मग बेरीज शून्य कशी? दोन माणसं भांडताना तिसरा उलट ओरडला तर शांतता होत नाही.

फेज_मार्जिन | रात्री ११.०५

घारीताई, शंका बाळबोध अजिबात नाही, बीई झालेली पोरंसुद्धा इथे अडखळतात.

झोपाळ्याचं बघा. तो पुढे जाताना पुढे ढकललात तर तुम्ही ऊर्जा दिलीत. तो तुमच्याकडे येताना तळहात आडवा धरलात तर ऊर्जा त्याने तुम्हाला दिली. हात तोच, जोर तोच, फक्त वेळ वेगळी. खडखडाट यांची पट्टी हंबरत नाही तेव्हा हेच करते, म्हणजे पत्र्यातली ऊर्जा स्वतःत ओढून घेते. तिथे पट्टी हा विजेवर चालणारा डॅम्पर झाला.

दुसरा प्रकार इंजिनाच्या माउंटिंगमध्ये, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं त्यात, असतो. रबर दाबलं गेलं की चासीवर बल येतं. नेमक्या त्याच क्षणी माउंटिंगमधली कॉइल उलटं बल लावते आणि चासीच्या बाजूला बेरीज शून्याजवळ येते. इंजिन हलायचं थांबत नाही, कधीकधी किंचित जास्तच हलतं. पण चासीपर्यंत बल पोचलं नाही तर तिच्यात ऊर्जा शिरणार कशी? ती 'नष्ट' करायचा प्रश्नच येत नाही, तिला आत येऊ दिलेलं नसतं.

कल्पना जुनी आहे. पॉल लुएग यांना आवाजाने आवाज मारण्याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं. तेव्हा कल्पना होती, पण 'नेमक्या त्याच क्षणी' हे जमवणारं इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं.

खडखडाट, तुमचा आजार मला कळलाय असं वाटतं. साउंड कार्डाचा बफर (सिग्नलचे किती सॅम्पल साठवून मग पुढे ढकलायचे) किती ठेवलाय?

खडखडाट | रात्री ११.१२

१२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झ. याहून खाली गेलो की आवाज तुटतो.

फेज_मार्जिन | रात्री ११.४०

सापडला चोर. १२८ भागिले ४८,००० म्हणजे २.६७ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, झाले ५.३. वर कार्डातले फिल्टर. ६ मिलिसेकंद धरू.

३१ हर्ट्झला ६ मिलिसेकंद म्हणजे ६७ अंश उशीर. तुमच्या बलातला कोसाइन ६७, म्हणजे ०.३९ एवढाच भाग वेगाच्या विरुद्ध लागतोय, बाकीचा नुसता कडकपणा बदलतोय. म्हणून ४ डेसिबलवर अडकलात. ५० ला तोच उशीर १०८ अंश होतो, म्हणजे ९० ची रेषा ओलांडली, आता पट्टी डॅम्पिंग काढून घेतेय. आणि ८० ला १७३ अंश. जवळजवळ पूर्ण उलट! झोपाळा पुढे जाताना तुम्ही पाठीत धक्का देताय. पत्र्याचं स्वतःचं डॅम्पिंग पोलादाचं, म्हणजे नावापुरतं. ते तुमच्या धक्क्याला पुरं पडेना म्हटल्यावर हंबरणारच.

तारा_छेडणारी | मंगळवार, सकाळी ७.१५

फेमाशी (फेज_मार्जिन) सहमत. आणि ५० च्या कोड्याचं उत्तर माझ्याकडून.

५० चा मोड (पत्र्याची हलायची तऱ्हा) म्हणजे पत्र्याचा डावा अर्धा वर असताना उजवा खाली. त्याची निश्चल रेषा बरोबर मधून जाते आणि तुमचा सेन्सर त्या रेषेवर बसलाय. त्याला तो मोड ऐकूच येत नाही. पट्टीही तिथेच, त्यामुळे ती तो मोड हलवूही शकत नाही. नशीब म्हणा, नाहीतर १०८ अंशांवर तोही हंबरला असता. ८० च्या मोडात मात्र पत्र्याचे लांबीत तीन तुकडे होतात आणि मधला तुकडा जोरात हलतो, अगदी सेन्सरखाली. म्हणून तो सापडला.

गिटारची तार बरोबर मध्यावर छेडली की सम क्रमांकाचे हार्मोनिक उमटत नाहीत, हा त्यातलाच प्रकार. गाडीच्या बॉडीत सेन्सर आणि ढकलणारा कुठे बसवायचा यावर निम्मी लढाई असते. वहीत गणित चोख आणि प्रत्यक्षात पट्टी निश्चल रेषेवर, असं मी स्वतः केलेलं आहे. दोन आठवडे गेले होते.

अवांतरवाला | सकाळी ९.०३

ट्रकच्या सीटचं काय? चासी, केबिन यांचं बघत बसण्यापेक्षा ड्रायव्हरच्या बुडाखालीच इलाज का नको?

तारा_छेडणारी | सकाळी ९.३०

आहे की. बोसने २०१० मध्ये ट्रकचालकांसाठी अशी सीट आणली, खाली विद्युतचुंबकीय मोटर आणि सेन्सर. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेतली ४ ते ८ हर्ट्झची कंपनं सगळ्यात जास्त बाधतात, आयएसओ २६३१ हे मानक याच भागाला सर्वाधिक वजन देतं. पण हा वेगळा प्रांत. तिथे हालचाल सेंटिमीटरची असते. खडखडाट यांचा पत्रा मायक्रॉनमध्ये नाचतो.

चक्रधर | दुपारी १.१८

मी माउंटिंगवर काम करतो (कंपनी विचारू नका), म्हणून त्या बाजूचं जरा सविस्तर.

चार सिलिंडरचं ओळीतलं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं. ७५० आरपीएमला आयडल असेल तर २५ हर्ट्झ. गाडीच्या बॉडीचा पहिला वाकण्याचा किंवा पिळवटण्याचा मोडही साधारण त्याच शेजारात, पंचवीस-तीसच्या घरात असतो. म्हणून सिग्नलला उभी गाडी आणि थरथरणारं स्टिअरिंग ही जोडी.

खरी पंचाईत सिलिंडर बंद करायला लागल्यावर झाली. व्ही६ इंजिन १५०० आरपीएमला, सगळे सहा चालू असताना ७५ हर्ट्झचे धक्के देतं. इंधन वाचवायला तीन बंद केले की धक्के ३७.५ वर येतात आणि प्रत्येक धक्का मोठा. इंजिन रबरावर समजा १२ हर्ट्झला डोलतं. वारंवारता अशी निम्मी झाली की रबरातून पलीकडे जाणारा हिस्सा सुमारे चौपट होतो. रबर मऊ करावं तर क्लच सोडताना इंजिन उडी मारतं. कात्रीत सापडल्यासारखं.

२००३ मध्ये जपानात आलेल्या होंडा इन्स्पायरमध्ये म्हणून तीन सिलिंडर बंद करण्याच्या योजनेसोबतच अ‍ॅक्टिव्ह माउंटिंग दिलं होतं. पुढे ऑडीने ४ लिटरच्या व्ही८ मध्ये चार सिलिंडर बंद करताना तेच केलं. आत नेहमीचं द्रव भरलेलं हायड्रोमाउंट आणि त्याच्या तळाशी लाउडस्पीकरसारखी कॉइल.

आता गंमत. इथे फेमांनी सांगितलेला उशीर तितका छळत नाही! कारण पुढचा धक्का कधी येणार हे क्रँकचा सेन्सर आधीच सांगतो. पुढचा धक्का मागच्यासारखाच असणार, त्यामुळे मागच्या फेऱ्यात शिकून पुढच्यात लावायचं. शिकायचे आकडे दोनच, साइनचा किती आणि कोसाइनचा किती. विड्रो आणि हॉफ यांची १९६० ची एलएमएस रीत (दर वेळी उरलेली चूक बघून आकडे थोडे थोडे सुधारायची), तिचंच सुधारलेलं रूप वापरतात. कॉइलपासून सेन्सरपर्यंतच्या वाटेचं अंदाजी मॉडेल आत ठेवावं लागतं. त्या मॉडेलची फेज (वेळेतला पुढे-मागेपणा, अंशांत) ९० अंशांहून जास्त चुकली की शिकणं उलट्या दिशेला धावतं. हेही मी पाहिलंय, स्टिअरिंग हातात धरवत नव्हतं.

खडखडाट, तुमचा शेकर कशावर चालतोय? एकाच सुरावर की खरखरीत नॉइजवर?

खडखडाट | दुपारी १.४०

नॉइजवर. रस्त्यासारखं वाटावं म्हणून.

चक्रधर | दुपारी १.५२

मग तुमच्याकडे क्रँकचा सेन्सर नाही. पुढचा खड्डा कुणी सांगत नाही. सूर असेल तर *मारता* येतो, नॉइज असेल तर अनुनादाचं शिखर फक्त *बोथट* करता येतं. अपेक्षा तेवढीच ठेवा.

फेज_मार्जिन | दुपारी २.३०

+१. मारायला किती अचूक वेळ लागते ते बघा. ताकद अगदी बरोबर धरली आणि फक्त फेज चुकली तर उरलेलं कंपन = २ × साइन (अर्धी चूक). ६० अंश चुकलात की उत्तर येतं बरोबर १, म्हणजे फायदा शून्य, त्यापुढे नुकसान. केवळ १ मिलिसेकंद उशीर २५ हर्ट्झला ९ अंश, उरलं १६ टक्के, छान. १०० हर्ट्झला ३६ अंश, उरलं ६२ टक्के. १६७ हर्ट्झला सगळं मुसळ केरात.

आणि फीडबॅकने एके ठिकाणी दाबलं की दुसरीकडे थोडं फुगतं, पाण्याच्या गादीसारखं. ते टळत नाही. कुठे फुगू द्यायचं एवढंच आपल्या हातात.

जुना_फिटर | संध्याकाळी ६.४५

सगळं वाचलं. हुशार आहात सगळे. पण क्रँकच्या सेन्सरशिवाय इंजिनाच्या वेगामागे धावणारी वस्तू आम्ही कधीच बसवलीय. क्लचच्या फ्लायव्हीलवरचा केंद्रोत्सारी पेंड्युलम. त्याला परत ओढणारं बल फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं, म्हणून त्याची वारंवारताही फेऱ्यांबरोबर चढते-उतरते. ना वायर, ना प्रोग्रॅम. आणि एकाच सुराला शांत करणारं वजन-स्प्रिंगचं जोडकाम फ्राम यांनी १९०९ च्या सुमारास, जहाजांचा विचार करत शोधलं. अजून गाड्यांत बसतं. माझं म्हणणं इतकंच, की आधी लोखंडाला विचारा, मग सिलिकॉनला.

चक्रधर | संध्याकाळी ७.२०

काका, पेंड्युलमला सलाम. पण तो फिरणाऱ्या दांड्यावरची पिळवटणारी कंपनं घेतो. माउंटिंगमधून बॉडीत जाणाऱ्या धक्क्याला तो हात लावू शकत नाही.

घारी | रात्री ८.०२

गाड्यांपलीकडे कुठे आहे का हे? की हे सगळं महागड्या सेडानचं कौतुक?

तारा_छेडणारी | रात्री ९.१०

उलट, उडणाऱ्या वाहनांत याची गरज जास्त. हेलिकॉप्टरचा रोटर कायम एकाच वेगाने फिरतो, त्यामुळे कंपनाचा सूर ठरलेला. पाच पाती असतील तर एका फेऱ्याला पाच धक्के. एडब्ल्यू१०१ (पूर्वीचं ईएच१०१) यात गिअरबॉक्स आणि सांगाडा जोडणाऱ्या दांड्यांमध्येच हायड्रॉलिक अ‍ॅक्चुएटर बसवलेत. सांगाड्यावरचे सेन्सर सांगतात तसे ते ढकलतात.

डॅश ८ क्यू४०० या पंख्याच्या विमानातला 'क्यू' म्हणजे क्वाएट. पंख्याची पाती सांगाड्याजवळून जाताना हवेचा फटका मारतात, पत्रा थरथरतो, तोच आत गुणगुणतो. तिथे स्पीकर न लावता सांगाड्याच्या कड्यांवरच थरथरणारी छोटी वजनं बसवली आणि आतल्या मायक्रोफोनवर ऐकून ती चालवली. आवाजाचं औषध पत्र्याला दिलं.

रेल्वेतही आहे. शिंकान्सेनच्या ई५ मालिकेत (२०११) सगळ्या डब्यांना आडव्या डोलण्यासाठी सक्रिय सस्पेन्शन आहे.

अवांतरवाला | रात्री ९.१८

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आणि इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनच नाही, मग चक्रधर यांची नोकरी?

चक्रधर | रात्री ९.४५

हा हा. इंजिन गेलं, त्याबरोबर त्याचं पांघरूणही गेलं. पूर्वी झाकले जाणारे आवाज आता उघडे पडलेत. टायरच्या आतली हवाच साधारण २०० हर्ट्झला घुमते, कारण टायरच्या पोकळीची गोलाई पावणेदोन मीटरच्या आसपास आणि आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. दुसरीकडे, मोटर हा स्वतःच उत्तम अ‍ॅक्चुएटर आहे. पाय दाबताच गाडी जे हिसके मारते ते मोटरचा टॉर्क मिलिसेकंदात बदलून मारता येतात, वेगळं यंत्र लागत नाही. तेव्हा नोकरी आहे. :)

खडखडाट | शनिवार, रात्री १०.३०

आठवडाभर बसलो, अहवाल देतो.

लॅपटॉप हाकलला. मायक्रोकंट्रोलरवर १० किलोहर्ट्झचा लूप, उशीर ०.१५ मिलिसेकंद, म्हणजे ८० हर्ट्झला जेमतेम ४ अंश. फेमांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सुचवल्याप्रमाणे अ‍ॅक्सिलरोमीटरही काढला आणि त्या जागी दुसरी पिझो पट्टी चिकटवली, खालची ढकलते, वरची ऐकते. ती ताण मोजते, म्हणजे जवळपास स्थितीच. मग पॉझिटिव्ह पोझिशन फीडबॅक: ३१ ला जुळवलेला, भरपूर डॅम्पिंगचा द्वितीय घाताचा फिल्टर, चिन्ह चक्क अधिक. आधी पटलं नाही, की धन फीडबॅक देऊन शांतता कशी होईल. पण फिल्टर ३१ वर स्वतःच ९० अंश मागे ओढतो, त्यामुळे स्थितीचा सिग्नल वेगाच्या विरुद्ध जाऊन बसतो. आणि वरच्या वारंवारतांना फिल्टर मिटत जातो, म्हणून ८० ला काही पोचतच नाही.

३१ चं शिखर ११ डेसिबल खाली. हंबरणं बंद. घरात टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, मीच वाजवल्या.

फेज_मार्जिन | रात्री १०.४१

वा! गेन फार चढवू नका. या पद्धतीत पत्रा स्थिर भाराला थोडा मऊ होतो, २० हर्ट्झच्या खाली किंचित फुगलेलं दिसेल.

खडखडाट | रात्री १०.४४

दिसतंय, एक डेसिबलच्या आत. गादी तिथे फुगली म्हणायची.

खडखडाट | रविवार, दुपारी ४.१०

कालचा आनंद आज उतरला. तुम्हाला व्हिडिओ दाखवावा म्हणून पत्र्यावर दोन हॅलोजन दिवे सोडले. दहा मिनिटांत ११ चे ३ डेसिबल झाले. पट्टी सुटली की काय म्हणून दिवे विझवून ठोकून बघत बसलो, तर अर्ध्या तासात सगळं आपोआप पूर्ववत! पुन्हा दिवे लावले, पुन्हा गेलं. दिव्याखाली ठोकलं तर पहिलं शिखर ३१ वर नव्हतंच, २६ वर सरकलं होतं.

तारा_छेडणारी | दुपारी ४.३५

पत्रा तापला, चौकट थंड राहिली. पत्र्याला पसरायचंय, चौकट पसरू देत नाही, म्हणजे तो आतून दाबला गेला. दाबलेला पत्रा मऊ होतो, वारंवारता उतरते. इतक्या पातळ सपाट पत्र्याला दोनचार अंशांचा फरकही पुरतो, आणखी तापवलात तर तो टक्कन फुगेल. तुमचा फिल्टर मात्र ३१ लाच डोळे लावून बसलाय. उन्हात उभ्या गाडीच्या टपाचं हेच होतं. फिल्टरने वारंवारतेमागे धावायला हवं.

जुना_फिटर | संध्याकाळी ५.०५

किंवा बीड. बीड मारलेला पत्रा तापला तर बीडमध्येच थोडा उघडतो, दाबला जात नाही. शिवाय ३१ चे पन्नास-साठ होतील. पहिल्या दिवशी पावणेदहाला सांगितलं होतं.

खडखडाट | संध्याकाळी ५.३०

काका, मान्य. आज तुमच्यासाठी वजनही केलं. पत्रा दीड किलो. डांबरी पॅडचा ३०० ग्रॅमचा तुकडा मध्ये ठेवून मोजलं तर ३१ वर ८ डेसिबल उतार, दिवे लावले तरी फारसा फरक नाही. माझ्या दोन पट्ट्या मिळून १० ग्रॅम. अ‍ॅम्प्लिफायर ४२० ग्रॅम.

जुना_फिटर | संध्याकाळी ५.३३

:)))

चक्रधर | संध्याकाळी ५.५०

अ‍ॅम्प्लिफायर एका पत्र्याच्या खात्यावर टाकू नका, तो दहा पट्ट्या चालवू शकेल. आणि काका, बीड मारून साठ केलंत की ते कोणत्या तरी आरपीएमला इंजिनाच्या तोंडात जाणार. व्ही८ चारवर चालताना १८०० ला बरोबर ६०. मग?

जुना_फिटर | संध्याकाळी ६.१५

मग बीड मारलेल्या पत्र्यावर यांची पट्टी लावा. मी नको कधी म्हटलं? आधी बीड म्हटलं.

खडखडाट | संध्याकाळी ६.२२

ठरलं. दुसरा पत्रा बीड मारायला उद्या देतो. बीड आडव्या की उभ्या ते काकांनी सांगावं. पट्टी यावेळी मधोमध नाही, लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे दुसरा मोडही सापडेल. तारा, एक तृतीयांशावर तीन तुकड्यांच्या मोडाची निश्चल रेषा तर येत नाही ना?

तारा_छेडणारी | संध्याकाळी ६.४०

येते, साधारण तिथेच. एक चतुर्थांशाकडे सरका. आणि चिकटवायच्या आधी ठोकून बघा, बीड मारल्यावर रेषा कुठे पळतील ते कागदावर सांगता येणार नाही.